आधी कोण उघडणार, ते आपण ठरवू

आज संगणकाबद्दल बोलायचं आहे, पण लगेच रेडिओ बंद करू नका. गिरणीत दळणाचे डबे रांगेत लागतात, तेवढीच सोपी ही गोष्ट आहे.

आपल्या जालना जिल्ह्यात काही ग्रामसंघांकडे जुना संगणक आहे. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून अशा संगणकावर विंडोजच्या शेजारी उबंटू ही दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली बसवून घेतात. हिशेबाच्या फायली विंडोजमध्ये राहतात. इंटरनेटचं काम आणि मुलांचा अभ्यास उबंटूमध्ये होतो. एका घरात दोन चुली म्हणा ना!

बटण दाबलं की काळ्या पडद्यावर एक यादी येते. तिला ग्रब म्हणतात. वर उबंटूचं नाव असतं, विंडोजचं खाली. साधारण १० सेकंदांत आपण काही निवडलं नाही, तर वरचं आपोआप उघडतं. चष्मा शोधेपर्यंत उबंटू उघडलेलं असतं आणि बाया म्हणतात, "हिशेब गेला!" हिशेब कुठंच जात नाही. दुसरं दार उघडलेलं असतं, एवढंच. संगणक पुन्हा सुरू करा, खाली-वरच्या बाणाच्या बटणानं विंडोजवर या आणि एन्टर दाबा.

रोज ही धावपळ नको असेल तर रांगच बदलून घ्यावी. उबंटूमध्ये टर्मिनल उघडायचं. इटीसी फोल्डरमध्ये डिफॉल्ट नावाचं फोल्डर आहे, त्यात ग्रब नावाची फाईल आहे. आधी तिची एक प्रत काढून ठेवा. मग ती सुडोच्या अधिकारानं उघडा, म्हणजे पासवर्ड विचारला जाईल. तो पासवर्ड अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष या तिघींना माहीत असलाच पाहिजे. आज बऱ्याच ठिकाणी तो एखाद्या पोरालाच माहीत असतो आणि तो पुण्याला गेला की सगळ्यांचं काम अडतं.

त्या फाईलमध्ये दोन ओळी शोधा. पहिली ग्रब डिफॉल्ट. तिथं शून्य लिहिलेलं असतं, कारण इथं मोजणी एकपासून नाही, शून्यापासून होते. म्हणजे शून्य हा यादीतला पहिला. विंडोज तिसऱ्या ओळीवर असेल तर आकडा दोन लिहावा लागेल. पण यादीत एखादी ओळ वाढली तर आकडा चुकतो. म्हणून यादीत विंडोजचं नाव जसं दिसतं तसंच, अक्षर न अक्षर, अवतरण चिन्हात लिहिलेलं चांगलं.

दुसरी ओळ ग्रब टाइमआउट. हे वाट बघायचे सेकंद. २० किंवा ३० ठेवा. सगळ्याजणींना वाचायला वेळ मिळू द्या.

"शेवटी उघडलं तेच पुढच्या वेळी उघड" अशीही एक सोय आहे. एकटीच्या संगणकाला ती बरी. आपला संगणक सामायिक. रात्री मुलांनी उबंटू उघडलं, तर सकाळी बैठकीत तेच समोर येईल. म्हणून आपल्याला ठरलेली ओळच बरी.

फाईल जतन केली म्हणजे काम संपलं नाही. "सुडो अपडेट-ग्रब" ही आज्ञा द्यावीच लागते. नाहीतर ठराव वहीत लिहिला आणि सह्याच घेतल्या नाहीत, अशी गत. आज्ञा दिल्यावर पडद्यावर सापडलेल्या प्रणालींची नावं येतात. त्यात विंडोज आहे का, ते वाचा आणि मगच संगणक पुन्हा सुरू करा.

उबंटूच्या नव्या आवृत्त्यांत कधीकधी यादीत विंडोज दिसतच नाही. दुसऱ्या प्रणाली शोधायचं काम ग्रबनं बंद ठेवलेलं असतं. त्याच फाईलमध्ये ग्रब डिसेबल ओएस प्रोबर या ओळीसमोर फॉल्स लिहायचं, ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असेल तर काढायचं आणि पुन्हा अपडेट-ग्रब द्यायचं. अशा वेळी कुणी म्हणालं, "ताई, विंडोज उडालं, सगळं फॉरमॅट करावं लागेल," तर लगेच हो म्हणू नका. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. कर्जाच्या नोंदी, बचतीचे आकडे, सगळं जाईल. आधी यादी तपासा, आणि हिशेबाची एक प्रत दर महिन्याला पेनड्राइव्हवर ठेवा.

ऐकून लगेच पाठ होणार नाही, व्हायचीही गरज नाही. या ओळींची इंग्रजी अक्षरं गटातल्या शिकलेल्या मुलीकडून इतिवृत्ताच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घ्या. पण किबोर्डवर बोटं मात्र तुमचीच असू द्या. तिनं वाचायचं, तुम्ही टाईप करायचं. येत्या बैठकीत दोघीजणींनी मिळून हे करून बघा.