खाडाखोड दिसली पाहिजे

गटाच्या वहीत आकडा चुकला तर आपण तो खोडरबराने पुसत नाही. रेघ मारतो, वर बरोबर आकडा लिहितो आणि शेजारी सही करतो. कॉम्प्युटरवर मात्र आम्ही हे विसरलो, आणि ते एका ताईंना भोवलं.

आमच्या ग्रामसंघाचा कर्जफेडीचा हिशेब ‘आर’ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत होतो. संख्याशास्त्रवाले ती वापरतात, मोफत मिळते. गावातल्या बी.एस्सी. झालेल्या मुलीने आम्हाला शिकवली. हप्त्यांचा तक्ता दिला की थकबाकीची यादी तयार. पण फोल्डरमध्ये ‘थकबाकी’, ‘थकबाकी नवी’, ‘थकबाकी अंतिम’, ‘थकबाकी अंतिम खरी’ अशा चार फायली! त्यातल्या एकीत कोणीतरी एक ओळ घातली होती : रिकामा रकाना म्हणजे शून्य. त्या ताईंनी हप्ता भरला होता, नुसती नोंद करायची राहिली होती. तरी त्या थकीत ठरल्या, आणि पेरणीच्या तोंडावर त्यांचं कर्ज महिनाभर लांबलं. ओळ कोणी घातली, कधी, कशासाठी? कोणालाच सांगता येईना. बाहेरचं तर कोणी आलं नव्हतं, म्हणजे आमच्यातलीच कोणीतरी.

मग त्या मुलीने गिट बसवायला लावलं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेलं हे सॉफ्टवेअर, तेही मोफत. फायलीतला बदल कोणी, कधी, का केला, याची ते वही ठेवतं.

आधी गिट कॉम्प्युटरवर घ्यायचं. मग टर्मिनलमध्ये एकदाच आपलं नाव आणि ई-मेल द्यायचा, ती आपली सही. आम्ही काम आर-स्टुडिओमध्ये करतो. तिथे नवा प्रोजेक्ट उघडताना ‘क्रिएट अ गिट रिपॉझिटरी’ असा चौकोन येतो, त्यावर खूण करायची. चौकोन दिसलाच नाही, तर आर-स्टुडिओला गिट सापडलेलं नाही असं समजा. ‘टूल्स’मध्ये ‘ग्लोबल ऑप्शन्स’ उघडून तिथे गिटची जागा दाखवायची. आमचा अर्धा दिवस इथेच गेला.

पुढचं सोपं आहे. फाईल सेव्ह केली की ती ‘गिट’च्या कप्प्यात दिसते. तिच्यावर खूण करून ‘कमिट’ दाबायचं. काढलेली ओळ लाल दिसते, घातलेली हिरवी. मग बदलाचं कारण लिहायचं. ‘बदल केला’ एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांनी आपल्यालाच काही कळत नाही. आमचा कॉम्प्युटर एकच, त्यामुळे सही एकाच नावाने पडते. म्हणून कारणाच्या आधी प्रत्येकीने आपलं नाव लिहायचं, असं आम्ही ठरवलं.

सभासदांची नावं आणि कर्जाच्या रकमा असलेला तक्ता आम्ही गिटमध्ये घेतला नाही. पहिल्या कमिटच्या आधीच त्याचं नाव ‘गिटइग्नोर’ फायलीत लिहून टाकलं. कोणाचं किती कर्ज, हे चुकूनही इंटरनेटवर जायला नको. शिवाय कॉम्प्युटरच बिघडला तर त्यातली गिटची वहीही जाईल, म्हणून दर बैठकीनंतर पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर घेतो. तो कपाटात, कुलपात.

ती ओळ काढली तेव्हा आम्ही कारण असं लिहिलं : ‘रिकामा रकाना शून्य धरू नये. आधी गटाच्या सचिवांना फोन करावा.’