दुधाचे दात आणि अफूची गोळी

१८९४ साली शाही अफू आयोगाने लखनौमध्ये साक्षी घेतल्या. लॉर्ड ब्रासी अध्यक्ष होते. हिंदुस्थानात अफू कोण खातं, किती खातं, याची ती चौकशी. तिच्यात एक गोष्ट गावोगावी पुन्हा पुन्हा पुढे आली. पोट दुखलं, हगवण लागली, दात येताना बाळ किरकिरलं, की त्याला अफूचा कण चाटवत. कित्येक साक्षीदारांना त्यात काही वावगं वाटलं नाही. १८९५च्या अहवालात आयोगानेही अफूबंदीची गरज नाही, असाच निर्वाळा दिला.

साहेबांच्या देशी तरी निराळं काय चाललं होतं? अमेरिकेतून निघालेल्या मिसेस विन्स्लोच्या ‘सूदिंग सिरप’मध्ये मॉर्फिन असे, म्हणजे अफूचंच सत्त्व. दात येणाऱ्या बाळांना देण्याच्या स्टीडमनच्या पुड्यांत पाऱ्याचं क्षारद्रव्य. १८३९ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये ५,०१६ मृत्यू ‘दात येणे’ या कारणाखाली नोंदले गेले! दात येतात त्याच सुमाराला बाळाला वरचं अन्नपाणी सुरू होतं. हगवण लागे अस्वच्छ पाण्याने आणि दुधाने, बोल लागे दातांना. मग अफू दिली की रडं थांबे, पण भूकही मरे आणि श्वास मंदावे. मूळ दुखणं जागच्या जागी.

आपल्या मुंबईत बाळांना द्यायच्या अफूच्या गोळीला बाळगोळी म्हणत. १९२२ साली डॉ. बार्न्स या बाईंनी गिरणगावाची पाहणी करून लिहिलं की, कामगार स्त्रियांच्या शंभरातल्या ९८ तान्ह्यांना अफू दिली जाते. त्या आयांना मी दोष देणार नाही. दिवसभर गिरणीत राबणाऱ्या बाईने बाळ कुणाच्या ओटीत टाकावं? तिला रजा हवी होती, पाळणाघर हवं होतं. बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. तोवर गोळीच तिची दाई होती.

आजच्या आईबाबांना एवढंच सांगते. हिरड्या शिवशिवत असतील तर स्वच्छ धुतलेल्या बोटाने हळुवार चोळा, गार ओलं फडकं चावायला द्या. हिरड्या बधिर करणारं बेन्झोकेनचं मलम दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नका. आणि अंगात सणकून ताप असेल, जुलाब होत असतील, तर ‘दात येताहेत’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.