नवे टायर आणि थरथरणारे स्टिअरिंग
(रेडिओवरील भाषण)

मोटारीला नवे टायर बसवल्यावर स्टिअरिंगचे चाक थरथरू लागण्याची तक्रार बेळगाव-निपाणी पट्ट्यात बहुधा एकाच रीतीने पुढे येते. टायरच्या दुकानातून निघालेली गाडी शहापूर-टिळकवाडीच्या किंवा निपाणीच्या पेठेच्या गर्दीतून कोणतीही कुरकूर न करता घरी पोहोचते. परंतु पुणे-बेंगळूरु राष्ट्रीय महामार्गावर, म्हणजे पूर्वीच्या ४ आणि आताच्या ४८ क्रमांकाच्या रस्त्यावर, वेग ताशी ८० किलोमीटरच्या पुढे गेला की हातातले चाक थरथरू लागते, ९० ते १०० च्या दरम्यान ही थरथर कोपरापर्यंत जाणवते आणि वेग आणखी वाढवला तर काही वेळा ती ओसरते. अशा वेळी मालकाला टायरच खराब निघाला असे वाटते, दुकानदार अलाइनमेंट करून घ्या असे सुचवतो, आणि यांतली कोणतीही गोष्ट मोजून पाहण्याआधीच पैसे खर्च होतात. प्रत्यक्षात हा दोष मोजता येण्याजोगा आहे, आणि मोजण्याची विद्या या भागाला परकी नाही.

चाक फिरत असताना त्याच्या कडेवरचा प्रत्येक कण बाहेर फेकला जाऊ पाहतो. सर्व बाजूंना वस्तुमान सारखे वाटलेले असेल तर ही ओढ परस्परांत मिटते. एखाद्या जागी थोडेसे जास्त असेल, तर तेवढ्या भागाची ओढ शिल्लक राहते आणि चाकाबरोबर फिरत राहते. हिला केंद्रोत्सारी बल म्हणतात, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला की बल चौपट होते. मध्यम आकाराच्या मोटारींना पुष्कळदा असणारा १८५/६५ आर १५ या मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे १.९५ मीटर अंतर कापतो. त्यामुळे ताशी १०० किलोमीटर वेगाला तो सेकंदाला सुमारे १४ फेरे घेतो. अशा चाकाच्या रिमच्या कडेवर केवळ ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर त्या वेगाला त्याची ओढ सुमारे साडेचार किलो वजनाएवढी होते, आणि ती सेकंदाला १४ वेळा दिशा बदलते; ताशी ५० किलोमीटरला हीच ओढ सव्वा किलोच्याही खाली असते. गावात गप्प असलेली गाडी महामार्गावर का बोलू लागते, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे. उरलेले निम्मे असे, की चाक, हब आणि सस्पेन्शनचे सांधे मिळून जी जोडणी होते तिची स्वतःची थरथरण्याची एक गती असते, आणि ती साधारणपणे सेकंदाला १० ते १५ वेळा इतकी असते. चाकाच्या फेऱ्यांची संख्या या गतीशी जुळली की छोटा धक्काही मोठा होतो. पदार्थविज्ञानात यालाच अनुनाद म्हणतात. ही जुळणी ओलांडून वेग पुढे गेला की थरथर कमी का होते, तेही यावरून कळते. परंतु थरथर टाळण्यासाठी वेग वाढवणे हा उपाय नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण तसे करणारे चालक आहेत.

असंतुलन दोन प्रकारचे असते. पहिल्या प्रकारात जड जागा चाकाच्या मधल्या प्रतलात असते आणि चाक वरखाली उड्या मारते. याला स्थिर असंतुलन म्हणतात, कारण चाक न फिरवताही, नुसते सैल टांगून ठेवले तर जड बाजू खाली येते आणि दोष उघड होतो. दुसऱ्या प्रकारात रिमच्या आतल्या कडेला एका ठिकाणी आणि बाहेरच्या कडेला नेमके समोरच्या ठिकाणी वजन जास्त असते, त्यामुळे टांगलेले चाक समतोल दिसते, पण फिरू लागले की डावीकडे-उजवीकडे हेलकावे खाते, आणि पुढच्या चाकाचे हे हेलकावे थेट स्टिअरिंगपर्यंत पोहोचतात. हे गतिज असंतुलन होय. चाक फिरवून मोजणाऱ्या आजच्या बॅलन्सिंग यंत्रावर दोन्ही कडांचे आकडे वेगवेगळे दिसतात, आणि दोन्ही ठिकाणी वजने लावावी लागतात. अलॉय रिमवर बाहेरची कडा विद्रूप होऊ नये म्हणून सर्व वजने आतल्या बाजूला एकाच पट्ट्यात चिकटवून देण्याची प्रथा दिसते. दिसायला ती बरी असली, तरी दोन प्रतलांचे काम एकाच प्रतलात उरकल्याने गतिज दोष शिल्लक राहतो. रिमच्या पोटात एकमेकांपासून दूर असे दोन पट्टे घेऊन वजने चिकटवली तर देखावाही बिघडत नाही आणि कामही होते.

अलाइनमेंट ही वेगळी बाब आहे. रस्त्याच्या दिशेशी आणि उभ्या रेषेशी चाके कोणता कोन करतात ते तीत पाहिले जाते. तो कोन चुकला तर गाडी एका बाजूला ओढते, टायरची एक कड लवकर झिजते, सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. ठरावीक वेगाला येणारी आणि त्या वेगापलीकडे ओसरणारी थरथर मात्र अलाइनमेंटने क्वचितच जाते.

खरा मुद्दा केंद्राचा आहे, आणि दुर्लक्षही त्याचेच सर्वांत जास्त होते. बेळगावच्या उद्यमबागेतील कोणत्याही लेथवर काम करणारा कारागीर जॉब चकमध्ये धरल्याबरोबर कापायला घेत नाही. तो आधी डायल लावतो, जॉब हाताने फिरवतो, काटा किती शतांश मिलिमीटर सरकतो ते पाहतो, आणि जॉब ‘आउट’ असेल तर ठोकून केंद्रात आणतो. बॅलन्सिंग यंत्रावर चाक चढवणे हे नेमके याच जातीचे काम आहे. पण रिमच्या मधल्या भोकात शंकूच्या आकाराचा ठोकळा सरकवून, वरची चकती आवळून, बटण दाबले की काम झाले असे तिथे मानले जाते. हा शंकू चुकीच्या मापाचा असेल, भोकाच्या कडेला गंज किंवा माती असेल, तर चाक यंत्रावर अर्धा मिलिमीटर बाजूला बसू शकते. टायर आणि रिम मिळून १५ किलोचे चाक अर्धा मिलिमीटर केंद्रापासून ढळले, तर त्याचा परिणाम रिमच्या कडेवर सुमारे ४० ग्रॅम वजन चिकटवल्याइतका होतो. म्हणजे यंत्राने दाखवलेले वजन प्रामाणिकपणे लावूनही, पडद्यावर दोन्ही बाजूंना शून्य आणूनही, गाडीवर बसवलेले चाक ४० ग्रॅमने बिघडलेलेच राहते. ही चूक पकडण्याची रीत अगदी सोपी आहे. शून्य आल्यावर चकती सैल करावी, चाक यंत्राच्या दांड्यावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा आवळावे आणि पुन्हा मोजावे. आकडा शून्याच्या जवळ राहिला तर चाक केंद्रात होते, मोठा आकडा आला तर आधीचे शून्य खोटे होते. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि ती करायला नवे यंत्र लागत नाही.

यंत्रावर साधलेले केंद्र गाडीवर टिकले पाहिजे, हा त्याचा पुढचा भाग. हबच्या तोंडावर गंजाची खपली असेल तर रिम तिरके बसते. म्हणून चाक काढल्यावर ते तोंड तारेच्या ब्रशने घासणे आवश्यक असते, आणि खानापूर-जांबोटीकडच्या पावसात वावरणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत तर ते टाळताच येत नाही. कंपनीने दिलेले रिम हबच्या मधल्या उंचवट्यावर घट्ट बसते. बाजारातून घेतलेल्या अलॉय रिमचे मधले भोक मात्र अनेक गाड्यांना चालावे म्हणून मोठे ठेवलेले असते, आणि मधली फट भरून काढणारी कडी बसवली नाही तर सारी भिस्त नटांवर पडते. अशी कडी विकत मिळाली नाही, तर अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून ती नेमक्या मापाला कापून देणारा लेथ बेळगावात शोधावा लागत नाही. नट आवळतानाही क्रम पाळावा लागतो : चाक जमिनीपासून उचललेले असताना सर्व नट हाताने लावायचे, समोरासमोरचे आळीपाळीने थोडे थोडे घट्ट करायचे, आणि गाडी खाली उतरवल्यावर टॉर्क पान्याने कंपनीने ठरवलेल्या मापाला आवळायचे. हवेच्या गनने पहिला नट एका दमात पूर्ण आवळला, की चाक ज्या बाजूला झुकते त्याच बाजूला ते कायमचे धरले जाते.

चाकाचे केंद्र साधण्याची ही विद्या या शहरात मोटारीच्या आधीपासून आहे. जॉन बॉइड डनलप यांनी हवेच्या टायरचे पेटंट १८८८ साली घेतले, आणि त्याच वर्षी बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान सुरू झाले. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर गावी १८६९ साली जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाचा उगम त्या दुकानात मानला जातो. सायकलचे चाक फोर्कमध्ये फिरवून, कडेजवळ खडू धरून, जिथे खडू लागेल तिथला आरा सैल किंवा घट्ट करणारा कारागीर जे करत असे, तेच आज डायल करतो. मोटारीचे चाक जड आणि बंदिस्त झाल्याने डोळ्यांना दिसणारा हा दोष झाकला गेला, एवढाच फरक.

सीमाभागाच्या जमिनीचा या प्रश्नाशी प्रत्यक्ष संबंध येतो. निपाणी-चिकोडीच्या काळ्या रानातून ऊस वाहून आणणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या हंगामात चिखल रस्त्यावर आणतात, आणि शेतरस्त्याने गेलेल्या मोटारीच्या रिमच्या आतल्या बाजूला काळी माती थापली जाऊन दगडासारखी वाळते. असे चाक न धुता यंत्रावर चढवले, तर यंत्र मातीचेही वजन मोजते आणि समोरच्या बाजूला तेवढे वजन लावायला सांगते. चार दिवसांनी माती गळून पडते, वजन तिथेच राहते, आणि सुरुवातीला ठीक असलेली गाडी थरथरू लागते. यात दोष टायरचा नसतो. त्याचप्रमाणे टायर बदलताना रिमवरची जुनी वजने न काढता त्यांच्यावर नवी वजने लावत जाण्याची सवयही वाईट आहे. एकाच रिमवर तीन-चार ठिकाणी विखुरलेली वजने दिसली, तर ते बॅलन्सिंग पहिल्यापासून करून घ्यावे.

खड्ड्यांचाही हिशेब धरला पाहिजे. चोर्ला घाटातून गोव्याला जाणाऱ्या मोटारींच्या रिमच्या आतल्या कडा खड्ड्यांत आपटून वाकतात, आणि ही बाजू गाडीखाली असल्याने मालकाला दिसत नाही. वाकलेल्या रिमला वजने लावून संतुलित करता येते, परंतु गोल करता येत नाही. वजन समान असूनही चाक अंडाकृती असेल तर प्रत्येक फेऱ्यात ते अक्षाला वर उचलते आणि खाली सोडते. म्हणून टायर बसवण्याआधी रिकामे रिम यंत्रावर फिरवून, डायल किंवा निदान स्थिर धरलेला खिळा कडेजवळ ठेवून, ते वरखाली आणि बाजूला किती हलते ते पाहावे. एक मिलिमीटरच्या पलीकडचा फरक संशयास्पद समजावा. लोखंडी रिम प्रेसवर सरळ करता येते. भेग गेलेले अलॉय रिम वेल्डिंग करून वापरणे मात्र धोक्याचे आहे, आणि त्याबाबत काटकसर करू नये.

टायर बसवण्यातही चूक होऊ शकते. टायरची तारेने मढवलेली आतली कड, जिला बीड म्हणतात, ती रिमच्या खाचेत सगळीकडून सारखी बसावी लागते. टायरच्या बाजूवर रिमला लागून एक बारीक गोल रेघ असते, आणि तिचे रिमपासूनचे अंतर सर्वत्र समान दिसले पाहिजे. एका जागी रेघ आत बुडाली असेल तर हवा काढून, कडेला साबण लावून टायर पुन्हा बसवावा लागतो. बीड बसवताना भरलेली जास्तीची हवा तशीच ठेवली गेल्यानेही गाडी कडक होते. म्हणून चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या दाबाशी, टायर थंड असताना, ती ताडून पाहावी. अनेक टायरांवर पिवळा ठिपका असतो, तो टायरची सर्वांत हलकी बाजू दाखवतो आणि तो व्हॉल्व्हसमोर आणला की कमी वजनात काम भागते. एवढे सगळे बरोबर असूनही थरथर राहिली, तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवून पाहावे, कारण टायरची उंच बाजू आणि रिमची उंच बाजू एकत्र आली असतील तर त्या अशा रीतीने परस्परांना मिटवतात. त्यानंतरही दोष राहिला, तरच टायर बदलून मागणे न्याय्य ठरते, आणि मग ते आग्रहाने मागावे.

दोष कोणत्या चाकात आहे हे रस्ता सांगतो. हातात थरथर जाणवते तेव्हा बहुधा पुढच्या चाकांत बिघाड असतो, आसनाखाली जाणवते तेव्हा मागच्या चाकांत. पुढची चाके मागे आणि मागची पुढे घालून त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पुन्हा गेल्यास संशय पक्का होतो. बेळगावकडून निपाणीला येताना तवंदी घाटाच्या उतारावर केवळ ब्रेक दाबतानाच स्टिअरिंग हलत असेल, तर टायर निर्दोष असून ब्रेकच्या चकतीची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही असे समजावे. चढावर जोर देतानाच गाडी थरथरत असेल, तर चाकाला शक्ती पोहोचवणाऱ्या दांड्याचा आतला सांधा तपासावा. टाय-रॉडची टोके, बॉल जॉइंट आणि हबचे बेअरिंग झिजले असतील, तर एरवी जाणवलेही नसते असे पाच-दहा ग्रॅमचे असंतुलन तिथे मोठे होऊन हाताला लागते. अशा गाडीची चाके कितीही वेळा बॅलन्स केली तरी तक्रार परत येते.

गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मालकाने दुकानात उभे राहून पाहाव्यात अशा गोष्टी थोड्या आहेत : रिम धुतले गेले का, जुनी वजने निघाली का, हबचे तोंड घासले गेले का, आणि शून्य आल्यावर चाक अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजले का. नंतर साधारण ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासून घ्यावेत, विशेषतः अलॉय रिम असेल तर. आणि वजने चिकटवलेली असतील तर त्यांच्या जागा रिमवर मार्करने खुणावून ठेवाव्यात, म्हणजे गाडी धुताना एखादे पडले तर ते लगेच लक्षात येते.