रंगांचे पैसे

(बिलासपूर येथे गणेशोत्सवात केलेले भाषण)



भाषणाची मला सवय नाही. माझे रोजचे बोलणे गँगमधल्या माणसांशी, नाहीतर कंट्रोलच्या फोनवर. तरी कार्यवाहांनी आग्रह धरला आणि विषयही त्यांनीच दिला, 'कला आणि संसार'. चित्रकर्तीशी लग्न केलेला इंजिनीअर आपल्या कॉलनीत हा एकच, तेव्हा यालाच दहा मिनिटे उभा करू, असे त्यांना वाटले असावे. आमच्या सौ. तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. जे सांगणार आहे ते त्यांना विचारूनच सांगतो आहे.

गोष्ट 2002 सालची, नागपूरची. सिव्हिलचा डिप्लोमा होऊन तीन वर्षे झाली होती. एका ठेकेदाराकडे साइटवर होतो. पगार दोन हजार, तोही मिळेल तेव्हा. त्या वर्षी आमच्या गल्लीतल्या मंडळाने मोठा देखावा करायचे ठरवले. बांबूचा सांगाडा माझ्याकडे आला. मागचा वीस फुटी पडदा रंगवायला चित्रकला महाविद्यालयातून नुकतीच बाहेर पडलेली एक मुलगी आली. चार रात्री जागून तिने तो पडदा पुरा केला. ठरलेल्या अठराशेपैकी नऊशे रुपये तिला विसर्जनाच्या दिवशी मिळाले. उरलेल्या पैशांसाठी दसऱ्यापर्यंत खेपा घालाव्या लागल्या. त्या खेपांना सोबत म्हणून मी जाऊ लागलो. मंडळाने पैसे वेळेवर दिले असते, तर आमचे लग्न झाले नसते!

पुढे आम्ही फुटाळा तलावाच्या काठी भेटू लागलो. ती रेखाटने करी, मी रेल्वे भरतीची गणिते सोडवी. चहाचे पैसे बहुधा तीच देई. दुकानांच्या पाट्या, लग्नघरच्या रांगोळ्या, शाळेतल्या मुलांचे तक्ते, मिळेल ते काम ती करत होती. माझ्या फॉर्मची पोस्टल ऑर्डर, पुस्तके आणि परीक्षेला जायचे भाडे तिनेच दिले. हे आपण लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरलो.

घरी कळले तेव्हा तिचे वडील म्हणाले, "डिप्लोमावाला, आणि नोकरीचा पत्ता नाही." माझे बाबा म्हणाले, "चित्रे काढून कुणाचे पोट भरले आहे?" दोघांचेही चुकत नव्हते. 2004 मध्ये मी पी-वेमध्ये ज्युनिअर इंजिनीअर म्हणून लागलो, आणि दोन्हीकडचा विरोध मावळला. 2005 मध्ये लग्न झाले.

पेंड्रारोडकडच्या सेक्शनमध्ये दोन खोल्यांचे क्वार्टर मिळाले. ओले कॅनव्हास स्वयंपाकघरात वाळत असायचे. वर्षाकाठी एखादे चित्र विकले जाई, फ्रेमचा खर्च वजा जाता हाती फारसे उरत नसे. त्या काळात मी मित्रांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट मोठ्या ऐटीत सांगत असे. सरकारी नोकरी सोडलेला, छापखान्याचा धंदाही सुटलेला हा माणूस सिनेमाच्या नादी लागला. विमा तारण पडला, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात 'राजा हरिश्चंद्र' लागला. सांगताना माझ्या मनात असे, की आमच्या घरातली सरस्वतीबाई म्हणजे मी!

मग 2011 साल आले. बाबांचे आजारपण, मुलीची शाळा, बँकेचा हप्ता. जानेवारीत थंडीने रूळ तडकला म्हणून रात्रभर लाइनवर उभा होतो. पहाटे घरी आलो तर टेबलावर रंगांच्या दुकानाचे बिल. मी म्हणालो, "तुझ्या रंगांना पैसे लागतात, आणि ते रुळांवरून येतात."

ती काहीच बोलली नाही. दुपारी रंगांची पेटी माळ्यावर गेली. महिन्याभरात तिने एका खाजगी शाळेत नोकरी धरली. ड्रॉइंग नव्हे, दुसरीच्या वर्गाचे गणित. पगार दर महिन्याला माझ्या हातात आणून देई. तीन वर्षे तिने ब्रश हातात घेतला नाही. घरात भांडण नव्हते, हसणेही नव्हते. आणि मला वाटत होते, चला, संसार रुळावर आला.

शेवटी आईनेच विचारले, "अरे, तुझ्या परीक्षेचे पैसे कुणी दिले होते रे?" मला उत्तर देता आले नाही. ज्या पगाराचा मला ताठा होता, त्याच्या मुळाशी त्या अठराशे रुपयांचा पडदा होता. आणि तिने त्या तीन वर्षांत एकदाही तसे बोलून दाखवले नव्हते.

त्या रात्री फाळक्यांच्या गोष्टीतला मी गाळलेला भाग आठवला. सरस्वतीबाई दागिने देऊन बाजूला बसल्या नाहीत. दिवसा चित्रीकरणावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाक त्यांनी केला, रात्री फिल्मला भोके पाडली. ते काम त्यांचेही होते. मी मात्र नुसते पैसे दिले, आणि वर त्यांचा हिशेब मागितला.

दुसऱ्या दिवशी पेटी खाली काढली. ट्यूब दगडासारख्या वाळल्या होत्या. मी माफी मागितली. ती म्हणाली, "नवे रंग माझ्या पगारातून आणू. पण घरातला निम्मा स्वयंपाक तुम्ही करायचा." तेव्हापासून शनिवार-रविवारची पोळी-भाजी माझ्याकडे आहे. पोळ्यांचे नकाशे होतात, पण पोट भरते. शाळेतली नोकरी तिने अजून सोडलेली नाही. चित्रे आजही थोडीच विकली जातात. त्या तीन वर्षांची चित्रे मात्र आता कुणी काढू शकणार नाही.

जाता जाता आपल्या मंडळाविषयी दोन शब्द. कलावंत ओळखीचा असला की आपण म्हणतो, "आपलेच मंडळ आहे, पैशांचे काय!" मांडववाल्याला, वीजवाल्याला, आचाऱ्याला आपण असे म्हणतो का? शाल-श्रीफळ जरूर द्यावे, पण त्याने घरभाडे भागत नाही. माझ्या मागे दिसणारा हा पडदा सौ.नी रंगवला आहे. त्याचे मानधन कार्यवाहांनी पडदा लागला त्याच संध्याकाळी दिले, त्याबद्दल त्यांचे जाहीर आभार. एखाद्या तरुणाला खेपांना सोबत करायची संधी हुकली असेल, पण त्याला माझा इलाज नाही!

एवढे बोलून आपली रजा घेतो. गणपती बाप्पा मोरया!