नाक्यावरची पाच मिनिटे

आज आम्ही बचत गटातल्या चौघीजणी तुमच्याशी बोलायला आलो आहोत. विषय अगदी रोजचा आहे. आपण दुचाकीवरून चाललो आहोत आणि पोलिसांनी हात केला, तर काय करायचे?

यात बोलण्यासारखे काय आहे, थांबायचे आणि कागद दाखवायचे, असे आम्हालाही वाटायचे. पण पावसाळा संपता संपता आमच्याच गटातल्या एकीवर जो प्रसंग आला, त्याने आमचे डोळे उघडले. ती बाजाराच्या दिवशी स्कूटीवरून निघाली होती. वळण घेतले तर पुढे नाकाबंदी. डोक्यावर हेल्मेट होते, पर्समध्ये लायसन्स होते, बाकीचे कागद डिकीत होते. तिचे काहीही चुकलेले नव्हते. तरी पोलीस दिसताच तिच्या पोटात गोळा आला. तिने आहे तिथूनच गाडी वळवली आणि उलट्या बाजूने परत निघाली. समोरून दुधाचा टेम्पो आला. टेम्पोवाल्याने ब्रेक दाबला म्हणून जीव वाचला, पण पायाचे हाड मोडले. शिवणकामावर तिचे घर चालते. मशीन पायाने चालवायचे, आणि पायच प्लास्टरमध्ये. दिवाळीची सगळी कामे हातातून गेली.

आम्ही तिला भेटायला गेलो तेव्हा विचारले, "अगं, सगळे कागद होते, मग वळलीस कशाला?" ती म्हणाली, "काय विचारतील, मला काय बोलता येईल, चार लोक बघतील, काही सुचलेच नाही बघा."

तेव्हापासून आम्ही ठरवले की ही भीती घालवायची. माहिती नसते म्हणून भीती वाटते. आम्ही वाहतूक शाखेतल्या एका महिला हवालदारांना भेटलो, कायद्याची माहिती घेतली, आणि तीच आज तुमच्यापुढे ठेवतो आहोत.

आधी घरातून निघतानाची तयारी. चार कागद लागतात: लायसन्स, गाडीचे आरसी, विमा आणि पीयूसी. हे कागद डिजीलॉकर किंवा एमपरिवहन या सरकारी अॅपमध्ये असले तरी चालतात. केंद्र सरकारने २०१८ मध्येच नियमात तशी दुरुस्ती केली आहे. मात्र व्हॉट्सअॅपवर आलेला लायसन्सचा फोटो म्हणजे डिजीलॉकर नव्हे, हे लक्षात ठेवा. शिवाय आपल्याकडे कधी रेंज नसते, कधी बॅटरी उतरते. म्हणून आम्ही लायसन्सचे कार्ड पर्समध्ये आणि बाकी कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डिकीत ठेवतो.

विम्याबद्दल एक गोष्ट. सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना समोरच्याच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे "पाच वर्षे बघायला नको" असे मनात बसते, आणि पाच वर्षे कधी सरली ते कळतही नाही. आज घरी गेल्यावर तारीख बघून घ्या. विमा नसेल तर पहिल्या वेळी २००० रुपये दंड आहे, कैदेचीही तरतूद आहे. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे, अपघातात कुणाला लागले तर त्याची भरपाई आपल्या अंगावर येते.

बायकांची आणखी एक अडचण असते. लायसन्सवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि गाडी नवऱ्याच्या नावावर. यामुळे कितीतरी जणी उगाच धास्तावतात. गाडी आपल्याच नावावर असली पाहिजे असा नियम नाही. लायसन्स चालवणारीचे लागते आणि बाकी कागद गाडीचे लागतात. कुणी विचारले तर सरळ सांगायचे, "लायसन्सवर माहेरचे नाव आहे, गाडी मिस्टरांच्या नावावर आहे." त्यात लपवण्यासारखे काही नाही.

आता प्रत्यक्ष नाका. लांबूनच बॅरिकेड दिसले की वेग कमी करा. गाडी वळवू नका, गल्लीत घुसू नका, आणि जोरात पुढे काढायचा तर विचारही करू नका. पोलिसांनी हात केला की डावा इंडिकेटर द्या, आरशात मागचे वाहन बघा आणि ते दाखवतील तिथे कडेला थांबा. कचकन ब्रेक मारला तर मागचा आपल्यावर येऊन आदळतो. गाडी बंद करा, स्टँडवर लावा. मागे मूल असेल तर त्याला रस्त्याच्या बाजूला नाही, कडेच्या बाजूला उतरवा आणि हात धरून ठेवा. रात्रीची वेळ असेल तर दिवा आधीच खाली करा, समोर उभ्या असलेल्याच्या डोळ्यांवर झोत जातो.

मग हेल्मेट काढा आणि स्कार्फही सोडा. हे आम्हाला त्या हवालदारताईंनी मुद्दाम सांगायला सांगितले. उन्हाधुळीमुळे आपण डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा बांधतो. समोरच्याला लायसन्सवरचा फोटो कोणाशी पडताळायचा? आपण होऊन चेहरा दाखवला की निम्मा संशय तिथेच जातो. कानात इयरफोन असेल तर तो काढा. कागद डिकीत असतील तर आधी सांगा, "साहेब, कागद डिकीत आहेत, काढते," आणि मगच डिकी उघडा. रात्रभर ड्यूटीवर उभ्या असलेल्या माणसाला, कोण कशात हात घालते आहे हे कळलेले बरे असते.

बोलताना "साहेब" किंवा "मॅडम" म्हणा, आवाज साधा ठेवा. "का थांबवले?" हे विचारायचा आपल्याला हक्क आहे, फक्त ते भांडणाच्या सुरात विचारू नये. ओळखी सांगू नका. "माझे दीर अमुक खात्यात आहेत" हे वाक्य आमच्यातल्या एकीनेही पूर्वी वापरले आहे. त्यामुळे दंड तर चुकला नाहीच, उलट मागे थांबलेले लोक हसले. रडून सुटका करून घेणेही आपल्याला शोभत नाही. आपण घर चालवतो, गट चालवतो, बँकेत सही करतो, मग इथेच अबला कशाला व्हायचे?

चूक झाली असेल तर ती मान्य करा. हेल्मेट नसणे आणि गाडीवर तिघे बसणे, या दोन्हींसाठी कायद्यात दंड तर आहेच, शिवाय तीन महिने लायसन्स रद्द राहू शकते. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागते, आणि चार वर्षांवरच्या मुलालाही. दंडाची नोंद पोलिसांच्या मशीनवर होते. पैसे लगेच भरता येतात किंवा नंतर ऑनलाइनही भरता येतात. मात्र पावतीशिवाय एक रुपयाही हातात ठेवू नका. "ताई, इथेच काहीतरी बघू" असे कुणी म्हटले, तर "साहेब, चलन करा, मी भरते" एवढेच म्हणा. चिरीमिरी देणाराही आता गुन्हेगार ठरतो. २०१८ मध्ये कायद्यात तसा बदल झाला आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा नंबर १०६४ आहे.

समोरच्याचेही काही चुकू शकते. गाडीची किल्ली हिसकावून घ्यावी असे मोटार वाहन कायद्याच्या कोणत्याही कलमात लिहिलेले नाही. तसे झाले तर ओढाताण करू नका. "साहेब, गाडी बंद करून मी उभी आहे, किल्ली द्या," असे सांगा. लायसन्स ताब्यात घेतले तर त्याची पोचपावती मागा, ती द्यावीच लागते. गाडी नेली तर कुठे नेली ते विचारून कागद घ्या आणि डिकीतल्या वस्तू आधी काढून घ्या. अंगझडती घ्यायची वेळ आली तर ती महिला पोलिसानेच घ्यायची असते. नावाच्या पट्टीवरचे नाव, वेळ आणि जागा मनात ठेवा आणि तक्रार नंतर लेखी करा. रस्त्यात उभे राहून वाद जिंकता येत नाही.

रात्रीच्या वेळेबद्दल दोन गोष्टींची गल्लत होते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद असेल तरी महिला अधिकारी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते. पण गाडी थांबवून कागद तपासणे म्हणजे अटक नव्हे. रात्री पुरुष पोलिसांनी हात केला तरी थांबायचे असते.

मात्र समोरचा पोलीसच आहे ना, हे नक्की बघा. कागद दाखवण्याचे बंधन गणवेशातल्या पोलिसापुढे आहे. साध्या कपड्यांतले दोघे मोटारसायकलवर येतात, "आम्ही पोलीस आहोत, पुढे चोऱ्या झाल्यात, दागिने काढून रुमालात बांधा" म्हणतात, आणि घरी जाऊन रुमाल सोडला तर आत दगड निघतात. आपल्याकडे कितीतरी आयाबायांची मंगळसूत्रे अशीच गेली आहेत. खरा पोलीस कुणालाही रस्त्यात अंगावरचे सोने काढायला सांगत नाही. असे कुणी सांगितले तर दुकानात किंवा चार माणसांत जा आणि ११२ नंबर लावा.

आता न थांबवता होणाऱ्या दंडाविषयी. चौकात कॅमेरा असतो, फोटो निघतो आणि चलनाचा मेसेज गाडीच्या नोंदीतल्या नंबरवर जातो. गाडी चालवतो आपण, मेसेज जातो नवऱ्याला, नाहीतर बंद पडलेल्या जुन्या नंबरला. मग एखाद्या दिवशी नाक्यावर कळते की पाच चलने बाकी आहेत. परिवहनच्या साइटवर आपल्या वापरातला नंबर नोंदवून घ्या आणि अधूनमधून राज्याच्या ई-चलन साइटवर गाडीचा नंबर टाकून बघत जा. मेसेजमधल्या अनोळखी लिंकवर मात्र बोट ठेवू नका. चलनाच्या नावाखाली खोटे अॅप पाठवून खाते रिकामे करणारेही आहेत.

शेवटची गोष्ट आईपणाची आहे. दहावी झाली की मुले क्लासला जायला गाडी मागतात. आपल्यालाही वाटते, एवढे लांब चालत कसे जाईल? सोळा वर्षांनंतर लायसन्स मिळते, पण ते ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचे. आपल्या दारातली स्कूटी बहुतेक ११० किंवा १२५ सीसीची असते, तिला अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडीवर गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला २५००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. पोलीस दिसताच घाबरून गाडी वळवण्याची चूक तर ही मुले हमखास करतात. चाळिशीतली बाई घाबरली, तिथे सोळा वर्षांच्या पोराचे काय? क्लासला सायकल द्या, एसटीचा पास काढून द्या. किल्ली देऊ नका.

आमच्या त्या मैत्रिणीचा पाय आता बरा आहे. गेल्या महिन्यात त्याच वळणावर तिला पुन्हा पोलिसांनी थांबवले. ती सांगत होती, की हात थरथरत होते, पण गाडी कडेला घेतली, स्कार्फ सोडला, लायसन्स दाखवले. साहेबांनी बघितले आणि म्हणाले, "जा ताई." सगळे मिळून पाच मिनिटेही लागली नाहीत. "एवढ्यासाठी मी पाय मोडून घेतला होता," असे म्हणून ती स्वतःच हसली.

मैत्रिणींनो, ही पाच मिनिटे द्यायला शिका. तुमच्या शेजारी नुकतीच गाडी शिकलेली कुणी असेल तर तिलाही हे सांगा, आणि घरी गेल्यावर विम्याची तारीख बघायला विसरू नका.