२१ आणि १७ केल्व्हिनच्या मधे



स्वागत समितीच्या वतीने मुंबईतील या परिषदेत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

कार्यक्रमपत्रिका हाती पडल्यावर अनेकांनी विचारले की, या वेळी समांतर सत्रे का नाहीत? क्ष-किरण विवर्तन करणारे एका दालनात आणि विद्युतरोध मोजणारे दुसऱ्या दालनात, ही आपल्याकडची जुनी रीत. आम्ही ती जाणीवपूर्वक मोडली आहे. अतिसंवाहकता आणि स्फटिकाच्या रचनेतला बदल हे एकाच पदार्थात शेजारी शेजारी घडतात आणि एकमेकांत हस्तक्षेप करतात. मग त्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी वेगळे का बसावे?

याचे मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण म्हणजे व्हॅनेडियम आणि सिलिकॉन यांचे संयुग, व्ही-थ्री-सिलिकॉन. ते सुमारे १७ केल्व्हिनला अतिसंवाहक होते, हे १९५३ पासून माहीत होते. रचना घनाकृती, आणि घनाच्या पृष्ठांवरून तीन परस्परलंब दिशांना जाणाऱ्या व्हॅनेडियम अणूंच्या साखळ्या. १९६४ मध्ये बॅटरमन आणि बॅरेट यांनी हा स्फटिक थंड करत करत त्याच्यावर क्ष-किरण टाकले. सुमारे २१ केल्व्हिनच्या खाली विवर्तनाची एकेरी रेषा दुभंगू लागली. घनाची एक बाजू इतर दोन बाजूंपेक्षा लांब होऊ लागली होती, म्हणजे स्फटिक टेट्रागोनल होत होता. कोणती बाजू लांबवायची याचे तीन पर्याय असल्यामुळे एकाच स्फटिकात वेगवेगळ्या दिशांचे पट्टे तयार होतात. हा सगळा फरक जेमतेम पाव टक्क्याचा आहे.

खरी गोष्ट पुढे आहे. तापमान उतरते तशी ही विकृती वाढत जाते, आणि १७ केल्व्हिनला अतिसंवाहकता आली की तिची वाढ थांबते. इलेक्ट्रॉनांनी जोड्या बांधल्या आणि जालकाचे वाकणे जिथल्या तिथे राहिले! मला आजही हा आलेख पाहताना थरारून जायला होते. रोधाच्या आलेखात फक्त शून्य दिसते. जालकाला काय झाले ते तिथे दिसत नाही.

असे का होते? दोन्ही घटनांचे भांडवल एकच आहे. फर्मी पातळीपाशी इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांची गर्दी असेल, तर १९५७ च्या बीसीएस सिद्धांतानुसार जोड्या जमायला ती पोषक असते. पण तीच गर्दी जालकालाही अस्थिर करते. जालक थोडे वाकले की त्या अवस्थांची पातळी दुभंगते आणि इलेक्ट्रॉनांची ऊर्जा कमी होते. मऊ पडत चाललेले जालक जोड्यांना मदत करते; ते पूर्ण वाकले की त्याच अवस्थांतल्या काही त्याच्या वाट्याला गेलेल्या असतात. व्ही-थ्री-सिलिकॉनमध्ये घसरण ताणाला विरोध करणारा एक स्थितिस्थापक गुणांक थंड होताना जवळजवळ शून्यापर्यंत उतरतो, असे ध्वनिलहरींच्या मोजमापांतून दिसले.

क्युप्रेटांत हीच चढाओढ अधिक तीव्र दिसते. बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी १९८६ मध्ये ज्या लँथनम-बेरियम-तांबे ऑक्साइडात उच्च तापमानाची अतिसंवाहकता शोधली, त्यात बेरियमचे प्रमाण एक-अष्टमांश केले की थंड झाल्यावर ऑक्सिजनच्या अष्टफलकांच्या कलण्याची दिशा बदलते आणि अतिसंवाहकता कोसळते. प्रमाण किंचित मागे-पुढे करा, ती परत येते.

लोहाच्या संयुगांनी या कथेला उलटे वळण दिले. बेरियम-लोह-आर्सेनाइड सुमारे १४० केल्व्हिनला टेट्रागोनलमधून ऑर्थोऱ्हॉम्बिक होते. लोहाच्या जागी थोडे कोबाल्ट घातले की हे संक्रमण खाली सरकते आणि अतिसंवाहकता डोके वर काढते. २०१० मध्ये दिसले की, योग्य प्रमाणात कोबाल्ट असेल तर अतिसंवाहक अवस्थेत शिरल्यावर ही विकृती चक्क कमी होऊ लागते. व्ही-थ्री-सिलिकॉनमध्ये ती नुसती थांबली होती. इथे जालक मागे वळते.

मुंबईत जमलेल्यांना याचा एक धागा अगदी जवळचा आहे. १९९४ मध्ये कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील नागराजन, मजुमदार आणि सहकाऱ्यांनी यिट्रियम-निकेल-बोरॉन-कार्बन या चौघांच्या संयुगात सुमारे १२ केल्व्हिनला अतिसंवाहकता दाखवली. त्याच कुळातले एर्बियमचे संयुग सुमारे ११ केल्व्हिनला अतिसंवाहक होते, आणि ६ केल्व्हिनला त्यात चुंबकीय क्रम आला की त्याचे टेट्रागोनल जालक विकृत होते. प्रवाहाला रोध नसलेल्या अवस्थेतच स्फटिक आपला आकार बदलतो.

हे सारे फक्त प्रयोगशाळेपुरते नाही. भारत भागीदार असलेल्या इटर या अणुसंलयन प्रकल्पातील काही मोठी चुंबके निओबियम-टिनच्या तारेची आहेत. हे संयुगही व्ही-थ्री-सिलिकॉनच्या कुळातले, तेही थंड केल्यावर विकृत होऊ शकते. ते ठिसूळ असल्याने आधी वेटोळे गुंडाळतात आणि मग सुमारे ६५० अंश सेल्सिअसला भाजून संयुग घडवतात. थोड्याशा ताणानेही तारेतून वाहू शकणारा प्रवाह घटतो. जालकाची नाजूक बाजू माहीत नसेल तर अशी तार घडवता येत नाही.

म्हणून माझी एक आग्रहाची विनंती आहे. रचना खोलीच्या तापमानाला मोजायची, रोध २ केल्व्हिनला मोजायचा आणि मधल्या वाटेत स्फटिक तसाच राहिला असे गृहीत धरायचे, ही सवय आपण सोडायला हवी. संक्रमण तापमानाच्या खालची रचना मोजल्याशिवाय निष्कर्ष पक्का मानू नये. ज्यांच्याकडे अशा मोजमापांची सोय नाही, त्यांनी या तीन दिवसांत ज्यांच्याकडे आहे त्यांना गाठावे. नमुने देण्या-घेण्यासाठी आम्ही उद्या दुपारचे सत्र मोकळे ठेवले आहे.

द्रव हेलियम वेळेवर पोहोचवण्यासाठी पहाटेपासून राबणारे आमचे तंत्रज्ञ सहकारी मागच्या रांगेत बसले आहेत. त्यांचे स्वागत मी वेगळे आणि मनापासून करतो. विद्यार्थ्यांनी न जुळणारे आलेखही भित्तिपत्रकांवर जरूर लावावेत. व्ही-थ्री-सिलिकॉनचे काही नमुने वाकत आणि काही घनाकृतीच राहत, तरी दोन्ही जवळपास १७ केल्व्हिनलाच अतिसंवाहक होत, हेही अशाच न जुळणाऱ्या निकालांतून कळले.

आता अध्यक्ष महोदयांनी पहिल्या सत्राचे कामकाज सुरू करावे, अशी त्यांना विनंती करतो.