मॉरिशस : एक बेट आणि तेथली आपली माणसे



आज ज्या देशाविषयी आम्ही बोलणार आहोत, तो जगाच्या नकाशावर एका ठिपक्यापेक्षा मोठा दिसत नाही. मॉरिशस हे त्याचे नाव. या देशाच्या ताब्यातील सगळी बेटे एकत्र केली तरी क्षेत्रफळ भरते सुमारे २,०४० चौरस किलोमीटर. म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहूनही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. २०११ च्या शिरगणतीत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांचीच मिळून वस्ती नऊ लाखांवर भरली होती. तेव्हा आपल्या या तीन गावांहून थोडी अधिक माणसे, आणि त्यांचा एक स्वतंत्र देश, स्वतंत्र संसद, स्वतंत्र निशाण! पण केवळ हे नवल सांगण्यासाठी आम्ही हा विषय घेतलेला नाही. त्या साडेबारा लाखांत काही हजार माणसे अशी आहेत की ज्यांचे पणजे-खापरपणजे कोकणातून गेले. ती माणसे तेथे मराठी कशी राहिली, आणि किती राहिली, हा आजचा खरा प्रश्न आहे. मात्र त्याचे उत्तर कळण्यास आधी त्या बेटाची जमीन, इतिहास आणि राज्यव्यवस्था समजून घेतली पाहिजे.

मुंबईहून नैर्ऋत्येस सुमारे साडेचार हजार किलोमीटरांवर, मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरात हे बेट वर आले आहे. वर आले आहे असे म्हणण्याचे कारण, ते ज्वालामुखीच्या लाव्हारसाचे बनलेले आहे. मध्यभागी पठार, त्याच्या कडेने तुटक डोंगर, आणि सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचे. बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. महासागराची लाट तिच्यावर फुटते आणि आतले पाणी तळ्यासारखे निवांत राहते. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे ऋतू उलटे. आपल्याकडे वैशाख तापू लागला की तेथे हिवाळ्याची चाहूल लागते. डिसेंबर ते एप्रिल हे दिवस चक्रीवादळांचे. १९६० च्या फेब्रुवारीत ‘कॅरल’ नावाच्या वादळाने हजारो घरे भुईसपाट केली. तेव्हापासून लाकडापत्र्याच्या घरांची जागा सिमेंट-काँक्रीटच्या घरांनी घेतली. मुख्य बेटापासून सुमारे ५६० किलोमीटर पूर्वेस रॉड्रिग्ज हे दुसरे बेट आहे. त्याला २००२ पासून अंतर्गत स्वायत्तता मिळाली आहे.

या बेटावर मूळचे रहिवासी असे कोणी नव्हतेच. आज तेथे असलेला प्रत्येक माणूस कोठून तरी आलेल्यांचा वंशज आहे. १५९८ मध्ये डच उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटाला नाव दिले. डोडो हा न उडणारा पक्षी जगात फक्त येथेच होता. माणूस आणि त्याने आणलेली जनावरे यांच्या तडाख्यात तो शंभर वर्षांच्या आत नामशेष झाला. १७१० मध्ये डच निघून गेले. १७१५ मध्ये फ्रेंचांनी बेट घेतले, आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले आणि ऊस लावला. १८१० मध्ये इंग्रजांनी ते जिंकले. पण जिंकताना त्यांनी फ्रेंच मळेवाल्यांचे कायदे, धर्म आणि रीतिरिवाज कायम ठेवण्याचे वचन दिले. म्हणूनच आजही तेथे कायद्याचा मोठा भाग फ्रेंच वळणाचा, संसदेची भाषा इंग्रजी, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंच, आणि बाजारातली बोली क्रेओल असा चौरंगी संसार चालतो. क्रेओल म्हणजे गुलाम आणि त्यांचे फ्रेंच मालक यांच्या व्यवहारातून जन्मलेली भाषा. ती आज जवळजवळ सर्वांची बोली आहे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली. गुलाम मुक्त झाले, पण ऊस तर तोडायचा होता! मळेवाल्यांनी हिंदुस्थानकडे पाहिले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरात उतरले होते. त्यांच्यामागून पुढल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत सुमारे साडेचार लाख माणसे गेली. कराराला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचा आपल्या लोकांनी ‘गिरमिट’ केला, आणि गिरमिटावर अंगठा उठवणारा तो गिरमिटिया. एक दिवस कामावर गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापावी, असा मळ्यावरचा कायदा होता. १८७१ मध्ये नऊ हजारांवर जुन्या मजुरांनी सह्याअंगठे करून सरकारकडे अर्ज केला, तेव्हा कोठे चौकशीसाठी इंग्लंडहून आयोग आला. ही माणसे ज्या घाटावर उतरत, तेथील दगडी पायऱ्या अजून आहेत. ‘आप्रवासी घाट’ या नावाने २००६ मध्ये त्या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

यांतील बहुसंख्य बिहारचे आणि मद्रासकडील. पण काही जहाजे मुंबईहूनही सुटली, आणि त्यांत रत्नागिरीकडील व कोकणपट्टीतील कुणबी-मराठे, कष्टकरी माणसे होती. पोट भरण्यासाठी मुंबईस जाण्याची कोकणाची वाट जुनीच आहे. या लोकांची वाट मुंबईहून आणखी पुढे समुद्रात गेली, एवढेच. परंतु त्या वाटेवर एक गोष्ट हरवली, ती म्हणजे आडनाव. उतरल्यावर कारकून नाव विचारी; माणूस आपले नाव सांगे; ते कानाला येईल तसे फ्रेंच-इंग्रजी वळणाने नोंदले जाई. पुढे तेच नाव मुलाबाळांचे आडनाव झाले. म्हणून तेथील अनेक मराठी कुटुंबांचे आडनाव म्हणजे बोटीवरून उतरलेल्या त्या पहिल्या पुरुषाचे पाळण्यातले नाव होय. घराणे गेले, गाव गेले. नाव तेवढे उरले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत या आगमनाच्या मूळ नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत, आणि आपले मूळ शोधणारी माणसे आजही तेथे येऊन त्या चाळीत बसतात.

आता श्रोते विचारतील, निरक्षर मजुरांनी भाषा टिकवली ती कशाच्या बळावर? पहिले बळ देवाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे गणेशचतुर्थी साजरी होत असल्याचे सांगतात. मूर्ती करायची, आरत्या म्हणायच्या, रात्री जागवायच्या आणि मूर्ती वाजतगाजत नदीवर किंवा समुद्रावर न्यायची. कोकणात ज्याला आपण जाखडी म्हणतो, तो फेर धरून केलेला नाच-गाण्याचा प्रकार मॉरिशसच्या मराठी वस्तीत आजतागायत टिकला आहे. लग्नकार्यानंतर गोंधळ घालण्याची चालही टिकली आहे. शब्दांचा अर्थ कधी निसटला असेल, उच्चार बदलले असतील. पण ठेका चुकला नाही. आज गणेशचतुर्थीची सुटी सबंध देशाला असते. महाशिवरात्र, दिवाळी, तमिळांची कावडी, तेलुगूंचा उगादी, मुसलमानांची ईद, चिन्यांचे नववर्ष आणि ख्रिस्ती लोकांचा नाताळ यांच्या पंक्तीत आपल्या मूठभर लोकांच्या गणपतीला तेथील सरकारने पाट मांडला आहे.

दुसरे बळ बैठकीचे, आणि येथे भाषेचा संबंध राज्यकारभाराशी येतो. मळ्यावरच्या गवताच्या खोपटात संध्याकाळी माणसे जमत. तेथे भजन होई, भांडणे मिटत, आणि मुलांना अक्षरओळख होई. या जागेला हिंदुस्थानी लोक ‘बैठका’ म्हणत. पुढे १९४७ च्या घटनेने असे ठरवले की, बेटावर मान्य असलेल्या भाषांपैकी कोणतीही एक भाषा साधेपणाने लिहितावाचता आली की माणसास मत देता येईल. त्याआधी मालमत्ता आणि मोठे उत्पन्न असणाऱ्यांनाच मत असे. मतदार होते सुमारे बारा हजार. बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव वर्ग घेऊन लोकांना सही करावयास आणि चार ओळी लिहावयास शिकवले. १९४८ च्या निवडणुकीत मतदारांची संख्या सत्तर हजारांवर गेली! ज्याच्या आज्याने गिरमिटावर अंगठा उठवला होता, तो आता सही करून राज्यकर्ते निवडू लागला. १९५९ मध्ये सर्व प्रौढांना मत मिळाले, आणि १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला. दांडीयात्रेस ज्या दिवशी आरंभ झाला तोच हा दिवस. महात्माजी स्वतः १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेहून परतताना या बेटावर काही दिवस राहिले होते. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम. १९९२ मध्ये इंग्लंडच्या राणीऐवजी राष्ट्रपती आले आणि देश प्रजासत्ताक झाला.

तेथील संसदेची रचना लक्षात घेण्याजोगी आहे. मुख्य बेटाचे वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन, आणि रॉड्रिग्जचे दोन, असे ६२ सभासद निवडून येतात. याखेरीज आठपर्यंत जागा, ज्या समाजाचे प्रतिनिधी कमी पडले असतील त्या समाजातील, पराभूत झालेल्या पण चांगली मते मिळवलेल्या उमेदवारांना देतात. अल्पसंख्याकांना यामुळे आधार मिळाला हे खरे. पण माणसाला त्याच्या समाजावरून मोजण्याची सवय यामुळे मोडत नाही, ही टीकाही तेथे होत आली आहे. देशाला स्वतंत्र लष्कर नाही. पोलीसदलच ते काम पाहते. अखेरचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते. एका उसावर जगणाऱ्या या देशाने १९७० नंतर कापडाचे कारखाने काढले, पर्यटन वाढवले, पतपेढ्या आणि वित्तव्यवहार आणले. आणि बेटावर नवा उद्योग आला की नवी भाषा शिकण्याची निकडही आली.

मराठीची आजची स्थिती आता पाहू. बाहेरून पाहावे तर ती चांगली आहे. प्राथमिक शाळेत मुलाला इतर पौर्वात्य भाषांबरोबर मराठीही घेता येते. महात्मा गांधी संस्थेत मराठीचे उच्च शिक्षण मिळते. नभोवाणी आणि दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम होतात. गावोगावच्या मंडळ्यांचा एक महासंघ आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये तेथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला. पण शाळेतून घरी आलेले मूल आईशी बोलते ते क्रेओलमध्ये. अभ्यास फ्रेंच-इंग्रजीत करते. मराठी ही त्याच्या पूर्वजांची भाषा आहे, देवाची आहे, परीक्षेची आहे. भांडणाची, थट्टेची आणि लाडाची नाही. यात तेथल्या आईबापांना दोष देण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. दीडशे वर्षे मायदेशातून कोणी फारसे विचारपूस न करताही त्यांनी जे राखले, ते थोडके नव्हे. परंतु सरकार सुटी देऊ शकते, शिक्षक देऊ शकते. स्वयंपाकघरात भाषा बोलण्याचे काम कोणत्याही सरकारला करता येत नाही.

श्रोतेहो, हा प्रश्न समुद्रापलीकडचाच आहे असे मात्र कोणी समजू नये. उल्हासनगर हे गावच उखडून आलेल्या माणसांनी वसवले. फाळणीनंतर सिंधी बांधव लष्कराच्या रिकाम्या छावणीत आले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. १९६७ मध्ये सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले. ज्या भाषेला स्वतःचा प्रांत नाही, तिला राज्यघटनेत पाट मिळाला. पण उल्हासनगरच्या कितीएक सिंधी घरांतील नातवंडे आज आजीशी कोणत्या भाषेत बोलतात, हे तेथील श्रोत्यांना आमच्याहून चांगले ठाऊक आहे. आणि आम्ही मराठी म्हणवणारे, आपल्या गावात, आपल्या राज्यात बसून मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो? मॉरिशसच्या माणसाकडे निदान समुद्राची आणि गिरमिटाची सबब आहे. आमच्याकडे तीही नाही.

इंग्रजी शिकू नये असे आमचे म्हणणे नाही. मॉरिशसचा सामान्य माणूस तीन-तीन भाषा सहज वापरतो, आणि त्याने त्याचे काही बिघडलेले नाही. चौथीसाठी घरात जागा ठेवणे तेवढे अवघड झाले आहे. ती जागा आपल्या घरात अजून रिकामी झालेली नाही. ती रिकामी होऊ द्यायची की नाही, याचा निर्णय या तीन गावांतील प्रत्येक घराने आपापल्या चुलीपाशी घ्यावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.